सरळ लावलेल्या तारा

१

हुकमामा गेला तो सुट्टी झाल्यावर दुसऱ्या दिवशी, सकाळी, अजून कुणाचा पहिला चहासुद्धा झाला नव्हता तेव्हा.

छापखान्याच्या गोदामात कागदाची जड रिळं वरच्या मजल्यावर खेचायला एक होइस्ट होतं. वर मोटर, तिच्यावर गुंडाळलेला लोखंडी दोर, दोराला माणसाच्या डोक्याएवढा हुक, आणि खाली लोंबणाऱ्या केबलला दोन बटणं, 'वर' आणि 'खाली'. ते चालवायचा म्हणून हुकमामा. खरं नाव विचारलं तर पगार वाटणाऱ्यालाही डोकं खाजवावं लागायचं. ना बायको, ना मुलं. गोदामाला लागून असलेल्या खोलीत राहायचा आणि दाराची किल्लीही त्याच्याच कमरेला असायची.

त्या सकाळी मामाने 'खाली' दाबलं आणि हुक गेला वर. संध्याकाळी घरी जाताना हुक अगदी वरपर्यंत नेऊन ठेवायची तिथली पद्धत, कुणाचं डोकं आपटू नये म्हणून. त्यामुळे आणखी वर जायला जागाच नव्हती. काय चाललंय ते मामाला कळायच्या आत हुक वरच्या लोखंडावर आपटला, दोर तुटला आणि ते सगळं धूड खाली उभ्या असलेल्या मामावर आलं.

चौकशीला आल्या त्या विद्युत निरीक्षकबाई. निवृत्ती तोंडावर आलेली, गुडघ्यापर्यंत मळकी पँट, हातात टॉर्च, आणि स्वभाव असा की गोड बोलणाऱ्या माणसाचा त्यांना आधी संशय यायचा. कुठे करंट लागून किंवा यंत्रात सापडून माणूस मेला की बाईंना बोलावणं. जिवंत माणसं त्यांना सहसा बोलवत नसत. आई होती तोवर घरी गेल्यावर निदान "आज कोण गेलं गं?" असं विचारायला कुणी होतं. आता दाराला कुलूप. बाई विश्रामगृहाच्या खोल्यांमध्ये एकट्या चहा करून प्यायच्या आणि किटलीशी बोलायच्या. या वेळच्या किटलीची वायर सोललेली होती आणि कुणी तरी तिच्यावर काळी पट्टी गुंडाळली होती. पट्टीचं टोक इतकं चिकटलेलं, की ते शोधता शोधता बाईंचं नख मोडलं.

"कोण महाभाग आहेस रे बाबा," बाई किटलीला म्हणाल्या, "तुझ्यानंतर हे कुणी तरी उघडणार आहे, एवढंही कळू नये?"

छापखान्यात आल्या आल्या त्या जिना चढून मोटरीपाशी गेल्या. मोटरीच्या पेटीचं झाकण काढलं. आत तीन जिवंत तारा, लाल, पिवळी, निळी, आणि चौथी हिरवी, जमिनीची. या तिघींपैकी कोणत्याही दोघींची अदलाबदल करा, मोटर उलटी फिरते. तेव्हा उलटी फिरलेली मोटर म्हणजे आत अदलाबदल दिसणार, असं धरूनच बाईंनी टॉर्च मारला.

अदलाबदल नव्हती. पहिल्या खुणेवर लाल, दुसऱ्या खुणेवर पिवळी, तिसऱ्या खुणेवर निळी. पुस्तकात छापावी इतकी सरळ जोडणी.

मागे एक मुलगी उभी होती. मुलगी म्हणजे तिशी उलटलेली, केस घट्ट बांधलेले, खिशाला टेस्टर. छापखान्याची वायरमन. तिला सगळे करंटताई म्हणत.

"सुट्टीच्या आदल्या दिवशी बेअरिंग बदलून ही मोटर मीच जोडली," ती म्हणाली. "चूक माझी आहे. तसं लिहून टाका."

बाईंनी तिच्याकडे वळून पाहिलं. आयुष्यभर त्यांनी 'मी नाही, मी नाही' ऐकलं होतं. न विचारताच मान पुढे करणारं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होतं.

२

"मग आता घोळ कशाला घालायचा?" मालक म्हणाले. त्यांच्या समोर एक जाडजूड गृहस्थ आधीच चहा पीत बसले होते, बाहेरून कामं घेणारे वीज-ठेकेदार. मामाचं दिवसकार्य अजून उरकायचं होतं आणि हे दारात हजर. "तिने कबूल केलंय. परवाना जाईल, केस होईल, वाईट वाटतं हो. पण माणूस गेलाय."

"मी कधीचा सांगत होतो," ठेकेदार बिस्कीट बुडवत म्हणाला. "हे असं नवशिक्यांच्या हाती..."

"तुम्हाला विचारलं की सांगा," बाई म्हणाल्या, आणि उठून खाली यंत्रांकडे गेल्या.

त्यांनी कापायच्या यंत्राची पेटी उघडली. पहिल्या जागी पिवळी, दुसऱ्या जागी लाल. घडी घालायच्या यंत्राची उघडली. तिथेही तेच. पंपाची उघडली, पंख्याची उघडली. अख्ख्या छापखान्यात लाल आणि पिवळी एकमेकींच्या घरात राहत होत्या, आणि सगळी यंत्रं नीट फिरत होती. सरळ होती ती एकच मोटर, आणि तिनेच माणूस मारला.

"हा काय प्रकार आहे?" बाईंनी यंत्रचालक काकांना विचारलं. काका छपाईचं मोठं यंत्र सांभाळायचे. पोट पुढे, कानात कापूस.

"अहो, बाहेरचा ट्रान्सफॉर्मर जळाला होता ना! कंपनीने नवा बसवला आणि काय सांगू, सगळी यंत्रं उलटी फिरायला लागली. कागद आत जायचा सोडून बाहेर! नुसती सर्कस. कंपनीवाल्यांनी मुळातच दोन तारा उलट जोडल्या होत्या. पण त्या पेटीला त्यांचं सील, आपण हात लावायचा नाही. ते येतो येतो म्हणाले आणि आलेच नाहीत. मालकांना कुठला धीर? त्यांनी करंटताईला सांगितलं, प्रत्येक मोटरीत अदलाबदल कर आणि काम सुरू कर. बिचारी नुकतीच लागली होती. तिचे बाबा, आमचे मिस्त्री, गुडघे गेले म्हणून घरी बसले आणि त्यांच्या जागी ही आली, त्यानंतरची ही गोष्ट."

"म्हणजे इथे रोज काम करणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे, की तारा सरळ लावल्या तर मोटर उलटी फिरणार."

"पोरासोरांना ठाऊक आहे."

"करंटताईला तर सगळ्यात जास्त."

काकांनी कानातला कापूस काढला. "तेच तर डोक्यात शिरत नाहीये, बाई. सगळ्या मोटरी तिनेच तर उलट जोडल्या. मग हीच सरळ कशी जोडेल ती?"

बाईंना वाटलं, इथे कुठे तरी पाणी मुरतंय.

३

वरच्या मजल्यावर, होइस्टच्या दारापाशी एक कागदाचं रीळ उभं होतं. बाकीची रिळं भिंतीला ओळीने, हे एकटंच वाटेत.

"हे कधी आलं?" बाईंनी विचारलं.

"सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी," काका म्हणाले. "ट्रक उशिरा आला. करंटताई काम आटपून घरी गेली होती. मामाने आणि मी मिळून चढवलं. रेटून भिंतीला लावायचं जिवावर आलं, म्हटलं सुट्टीनंतर बघू."

"ती गेल्यानंतर? हुक नीट चालला?"

"लोण्यासारखा. वर म्हटलं की वर, खाली म्हटलं की खाली. मामा म्हणालासुद्धा, पोरीने मोटर नवी करून दिली."

बाई तिथल्या पायरीवरच बसल्या. हे रीळ वर आलं याचा अर्थ उघड होता. करंटताई घरी गेली तेव्हा मोटर बरोबर होती. त्यानंतर मामा मरायच्या आत, म्हणजे सुट्टीच्या दिवशी, कुणी तरी पेटी उघडून तारा सरळ केल्या होत्या.

"काका, एवढी मोठी गोष्ट तुम्ही कुणाला सांगितली नाही?"

"मालकांनी विचारलंच नाही. पण करंटताईला सांगितलं की! म्हटलं, पोरी, तू सुटलीस, हे रीळच तुझा साक्षीदार." काकांचा आवाज खाली आला. "तर तिने माझे हात धरले. म्हणाली, काका, तुमच्या पाया पडते, हे कुणाला बोलू नका."

बाई मामाची खोली बघायला गेल्या. दाराचं कुलूप शाबूत, किल्ली मामाच्या कमरेला सापडली होती. म्हणजे जो कुणी आला त्याला मामानेच आत घेतलं. खोलीत एक खाट, एक ताट, एक टॉवेल, भिंतीला एकच खिळा आणि त्यावर एकच सदरा. बाईंना गलबलून आलं. ही खोली त्यांच्या ओळखीची होती, गावोगावच्या विश्रामगृहांतून त्या अशाच खोलीत राहत होत्या. फक्त मोरीच्या कट्ट्यावर एक गोष्ट या खोलीला शोभत नव्हती. धुऊन पालथे घातलेले कप तिथे दोन होते.

"मामाकडे कोण यायचं?"

"कोण येणार हो?" काका म्हणाले. "सुट्टीच्या दिवशी या गल्लीत कुत्रंसुद्धा फिरकत नाही."

बाई पुन्हा मोटरीपाशी गेल्या. तारांच्या जोडांवर काळी पट्टी गुंडाळलेली होती, सुबक, एकावर एक बसलेले वेढे. त्यांनी मोडक्या नखाने टोक शोधायला सुरुवात केली, तर शोधावंच लागलं नाही. टोक आत दुमडून त्याचा छोटा पदर सोडला होता. चिमटीत धरलं की पट्टी सुटली पाहिजे, अशी सोय. तिन्ही जोडांवर तसाच पदर.

खाली येऊन त्यांनी बाकीच्या यंत्रांच्या पेट्या परत उघडल्या. करंटताईच्या हातची पट्टीही व्यवस्थित होती, पण टोक अंगठ्याने दाबून सपाट चिकटवलेलं. पदर कुठेच नव्हता.

म्हणजे या तारांना लागलेला हात दुसराच होता.

४

ठेकेदार घाबरला तो बाईंनी काही विचारायच्या आधीच.

"माझं नाव यात गोवू नका. मला काम हवं होतं, कबूल. मालकांच्या कानाला लागायचो, तेही कबूल. पण मी त्या गोदामात पाऊल टाकलेलं नाही."

"तुमच्या हातचं काम दाखवा."

शेजारच्या बेकरीतल्या भट्टीची मोटर त्याने जोडली होती. त्याने घाम पुसत पेटी उघडली. आत पट्टी नव्हतीच. प्रत्येक जोडावर रंगीत प्लॅस्टिकची नळी चढवलेली.

"पट्टी आता कोण वापरतं, बाई? हा जुन्या लोकांचा कारभार. नळी सरकवली की झालं. माझ्या पेटीत पट्टीचं रीळच नाही, बघा हवं तर."

बाईंनी पाहिलं. नव्हतं. शिवाय हुकमामा या माणसाला चहा पाजेल हे शक्य नव्हतं. याने करंटताईची नोकरी घालवायचा चंग बांधलाय हे सगळ्या छापखान्याला माहीत होतं.

उरले मालक. मालकांना बल्ब बदलायला माणूस लागायचा. कंपनीच्या मागे लागायची त्यांनी टाळाटाळ केली होती, आणि त्याचा हिशेब बाई वेगळा करणार होत्या; पण तीन जोडांवर असे वेढे घालणं त्यांच्या सात जन्मांत जमलं नसतं.

रात्रीच्या जेवणाला बाई खानावळीत भिंतीकडच्या एकट्या टेबलावर बसल्या आणि बोटाने ताटाच्या कडेवर मनातल्या मनात मांडत गेल्या. तारा सरळ करणारा माणूस कसबी होता. मामाचा जवळचा होता. जुन्या पद्धतीने पट्टी लावणारा होता. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, त्याला मामाचं वाईट करायचं नव्हतं. मारायचंच असतं तर कुणी पुढच्या माणसाची सोय म्हणून पदर सोडत बसत नाही. त्याने तारा सरळ केल्या, कारण सरळ म्हणजेच बरोबर अशी त्याची खात्री होती.

इथल्या कामगारांना सरळ म्हणजे चूक हे ठाऊक होतं. बाहेरच्यांना मामा आत घेत नव्हता. मग या छापखान्याची मोटर नि मोटर ओळखणारा, पण ट्रान्सफॉर्मर बदलल्याचं न कळलेला माणूस कोण?

बाईंचा हात ताटावरच थांबला. समोर वाढलेलं होतं तसंच टाकून त्या उठल्या.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी दार मिस्त्रींनीच उघडलं. काटकुळे, ताठ मानेचे, चष्म्याच्या काचा स्वच्छ पुसलेल्या.

"या, या, बाई. पोरगी आत आहे. ए पोरी, साहेब आल्यात बघ तुझ्या!" ते काठी टेकत आत वळले. "बसा. चहा मीच करतो, तिला काही सुचत नाहीये सध्या. नीट जेवत नाही, बोलत नाही. मामा तिला कडेवर घेऊन फिरवायचा हो लहानपणी."

त्यांनी काठी खुर्चीला टेकवून ठेवली. काठीची मूठ फुटलेली होती आणि तिच्यावर काळी पट्टी गुंडाळलेली होती. बाईंनी बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी नजर गेलीच. पट्टीच्या टोकाला दुमडलेला छोटा पदर.

आतल्या दारात करंटताई येऊन उभी राहिली. बाईंची नजर कुठे आहे ते तिने पाहिलं. तिने हळूच मान हलवली. नको.

"दोर तुटला म्हणे," मिस्त्री पाण्याचं भांडं चढवत म्हणाले. "मालकाला मी सांगत होतो, दोर बदला, दोर बदला. ऐकतोय कोण! आता माझी सुट्टी कशी जायची, सांगा. दर सुट्टीला मी जायचो त्याच्याकडे. दोघं म्हातारे, होइस्टखाली खुर्च्या टाकायच्या आणि चहा घ्यायचा. बोलायचो काय? काहीच नाही. घरी बसूनही बोलायचं नाही आणि तिथेही नाही, पण तिथे बरं वाटायचं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "माणसाला एक तरी माणूस लागतं हो, बाई."

लागतं, असं बाईंना म्हणायचं होतं.

"बाबा, चहा राहू द्या," करंटताई म्हणाली. "बाईंना घाई आहे. त्या माझं लिहून घेऊन जाणार आहेत."

"तुझं काय लिहायचंय?"

"काही नाही."

"काही नाही कसं? यंत्र तुझ्या ताब्यात म्हणून तुला धरतायत का?" मिस्त्री गर्रकन वळले. "अहो बाई, हिचं काम मी स्वतः पाहिलंय! बेअरिंग असं बसवलंय की मला जमलं नसतं. एवढीशी चूक होती, ती मी..."

ते थांबले. मग ओशाळून हसले.

"आता निघालंच तोंडून तर सांगतो. रागावू नकोस गं पोरी. मामा चहा टाकत होता, तेवढ्यात मी तुझं काम बघायला कसाबसा जिना चढून वर गेलो. पेटी उघडली तर लाल नि पिवळी उलट! म्हटलं, दमली असेल बिचारी. सरळ केली आणि आलो. मामालासुद्धा सांगितलं नाही, उगाच चारचौघांत तुझं हसं नको. हिला अक्षरं यायच्या आधी तारांचे रंग येत होते, बाई. लाल, पिवळी, निळी, हिरवी जमिनीची. मांडीवर बसून म्हणायची."

खोलीत फक्त पाणी उकळायचा आवाज होता.

मिस्त्रींनी आधी बाईंकडे पाहिलं, मग मुलीकडे. जन्मभर मोटरी जोडलेला माणूस तो. त्याला फार सांगावं लागलं नाही.

"ट्रान्सफॉर्मर कधी बदलला?" त्यांनी विचारलं.

६

"बाबा, दोर जुना होता," करंटताई म्हणाली. "तुम्हीच म्हणालात ना आत्ता, दोर जुना होता."

"मी काय विचारलं?"

"तुम्ही घरी बसलात त्यानंतर."

"आणि तू मोटरी उलट जोडल्यास. कंपनीच्या मागे लागून मुळातली चूक दुरुस्त करून घ्यायची सोडून."

"हो. तुम्ही रागवाल म्हणून सांगितलं नाही. मामालाही बजावलं होतं, बाबांना बोलू नका."

"त्याने शब्द पाळला," मिस्त्री म्हणाले. ते भिंत धरून खुर्चीत बसले. "हुक वर असणार. आम्ही नेहमी वरच ठेवायचो, ती पद्धत मीच लावली. त्याने खाली दाबलं असणार. वर हुक थांबवायला स्विच आहे, पण तो 'वर'च्या बटणाचा करंट तोडतो, 'खाली'च्या नाही." ते एकेक गोष्ट अशी सांगत होते जणू शिकवतायत. मग ते बाईंकडे वळले. "बाई, त्याने मला विचारलं होतं. खाली आलो तेव्हा हात पुसत होतो ना. म्हणाला, मिस्त्री, काही केलंत का? चालू करून बघू का? मी म्हटलं, नुसतं बघितलं, आणि सुट्टीला मेन बंद असतो, आता कुठे उघडतोस. मनात म्हटलं, सरळ आहे म्हणजे बरोबरच आहे. मी! जोडल्यावर फिरवून बघितल्याशिवाय पेटी बंद करायची नाही, असं जगाला सांगत फिरणारा मी."

करंटताई त्यांच्या पायाशी बसली. "म्हणून तर माझं नाव जाऊ देत होते. मी तरुण आहे बाबा, परवाना गेला तर दुसरं काही करीन. तुम्ही हे घेऊन कसे जगणार होतात?"

"तुला कधी कळलं?"

"त्याच सकाळी. मी पेटी उघडली आणि पट्टीचा पदर दिसला."

"त्याच सकाळी." मिस्त्रींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आणि तेव्हापासून तू रोज माझ्यासमोर बसून जेवतेयस? एकटीच?"

इतके दिवस न रडलेली ती मुलगी तेव्हा रडली, लहान पोरासारखी हमसून हमसून. बाईंनी गॅस बंद केला, कारण तेवढंच त्यांच्या हातात होतं. नोकरीत त्यांनी माणसांना खोटं बोलताना पाहिलं होतं ते स्वतःला वाचवायला. इथे बापाने पोरीचं हसं होऊ नये म्हणून तोंड मिटलं, पोरीने बाप मोडू नये म्हणून मिटलं, आणि मामाने शब्द दिला म्हणून मिटलं. एकाने जरी तोंड उघडलं असतं तरी तो म्हातारा आज जिवंत असता. बाईंना या तिघांचा भयंकर राग आला आणि त्याहून जास्त हेवा वाटला.

"तिचं नाव काढा," मिस्त्री डोळे पुसून म्हणाले. "माझं घाला. मी सांगतो तसं लिहा, एक अक्षर इकडचं तिकडे नको."

"तुमचं येईल," बाई म्हणाल्या. "तुम्हाला तिथे हात लावायचा अधिकार नव्हता, ते मला झाकता येणार नाही. पण मालकांचंही येईल. उलट पुरवठ्यावर छापखाना चालवला आणि एका पेटीवर साधी खूण केली नाही. कंपनीचंही येईल. आणि हिने घरी जाताना मोटर बरोबर सोडली होती, हे पहिल्याच ओळीत येईल. रीळ साक्षीला उभं आहे."

"मला तुरुंग होईल?"

"ते कोर्ट बघेल. मला माहीत नाही." बाईंना खोटा धीर देता येत नसे.

पुढे कंपनीची माणसं आली, कारण आता बाई मागे लागल्या होत्या. त्यांनी सील तोडून मुळातल्या दोन तारा जागेवर आणल्या. त्यानंतर करंटताईने छापखान्यातली एकेक मोटर उघडली आणि लाल-पिवळीला आपापल्या घरी पाठवलं. होइस्टला नवा दोर चढला होता. बाई मुद्दाम थांबल्या होत्या. घरी वाट बघणारं कुणी नव्हतं, म्हणून थांबणं सोपं होतं. मिस्त्री काठी टेकत आले, बरोबर काका. मामाच्या खोलीकडे त्यांनी पाहिलं नाही.

करंटताई जिना चढून वर गेली आणि शेवटची पेटी उघडून तशीच उभी राहिली.

"काय झालं?" बाईंनी खालून विचारलं.

"इथे काही करायचंच नाहीये," ती म्हणाली. "मुळात दुरुस्त झालं ना. बाबांनी लावलंय तेच आता बरोबर आहे."

मिस्त्री खाली मान घालून उभे राहिले. त्यांच्या हाताने लावलेल्या तारा होत्या तशाच राहिल्या, पदरासकट. तिने झाकण उचललं आणि लावायला घेतलं.

"थांब," मिस्त्री ओरडले. त्यांनी काठीने काकांना आणि बाईंना भिंतीपर्यंत मागे सारलं, हुकाखालची जागा रिकामी आहे ना ते पाहिलं, आणि बटणाची केबल ओढून लांबून हातात घेतली. "झाकण नंतर. आधी चालू करून बघायचं."

त्यांनी 'खाली' दाबलं. हुक खाली आला, सावकाश, आणि दोघं म्हातारे खुर्च्या टाकायचे तिथे येऊन थांबला.